निरोप एक, ऐकणारे निराळे

वाचकांचे प्रश्न

संप्रेरके, म्हणजे हार्मोन्स, पेशीपर्यंत निरोप कसा पोहोचवतात याविषयी मी या मासिकात लिहिलेल्या लेखानंतर बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागांतून बरीच पत्रे आली. माझे मूळ गाव खानापूर तालुक्यातले. संशोधनाची बहुतेक वर्षे मुंबईत गेली आणि निवृत्तीनंतर मी बेळगावात परतले आहे, त्यामुळे ही पत्रे मला घरच्या माणसांनी विचारल्यासारखी वाटली. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून पाच प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न : आपल्या लेखात ‘केंद्रकीय ग्राही’ हा शब्द वारंवार आला, पण त्याचा नीट उलगडा झाला नाही. संप्रेरक रक्तातून साऱ्या शरीरभर फिरत असताना त्याचा परिणाम ठरावीक अवयवांवरच का व्हावा? आणि हे कोणी व कसे शोधून काढले?
(निवृत्त शिक्षक, चिकोडी)

सर, आपण विचारलेला प्रश्न हाच या विषयाचा उगम आहे. बेळगावच्या बसस्थानकावर खानापूरची गाडी लागल्याची घोषणा होते, तेव्हा ती सर्वांच्याच कानांवर पडते, पण पिशवी उचलून उठतात ते खानापूरला जाणारेच. संप्रेरकाचेही तसेच आहे. निरोप सगळ्या पेशींपर्यंत जातो, परंतु ज्या पेशीत तो घेणारे विशिष्ट प्रथिन असते तीच पेशी हालचाल करते. त्या प्रथिनाला ग्राही किंवा रिसेप्टर म्हणतात, आणि पेशीच्या केंद्रकात, म्हणजे डीएनए असतो त्या भागात, काम करणाऱ्या ग्राहीला केंद्रकीय ग्राही.

आज हे सोपे वाटते, पण १९५० च्या दशकात बहुतेक जीवरसायनशास्त्रज्ञांची समजूत वेगळी होती. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक गर्भाशयाच्या पेशीत शिरल्यावर एन्झाइमांच्या क्रियेत भाग घेते, त्याचे रासायनिक रूपांतर होते आणि त्या रूपांतरातूनच त्याचा परिणाम घडतो, असे मानले जात असे. शिकागो विद्यापीठातील एलवुड जेन्सन यांनी प्रश्नच फिरवला. संप्रेरक ऊतीचे काय करते हे पाहण्याऐवजी ऊती संप्रेरकाचे काय करते ते आपण पाहू, असे त्यांनी ठरवले. अडचण अशी होती की इस्ट्रोजेन अत्यल्प मात्रेत काम करते, आणि इतक्या थोड्या रेणूंचा माग काढण्याइतकी तीव्र खूण तोवर उपलब्ध नव्हती. जेन्सन आणि त्यांचे सहकारी हर्बर्ट जेकबसन यांनी ट्रिटियम हा हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार वापरून इस्ट्रोजेन चिन्हांकित केले आणि ते वयात न आलेल्या उंदरांच्या माद्यांना टोचले. स्नायू आणि रक्त यांतली किरणोत्सारिता काही काळ वाढली आणि उतरून गेली. गर्भाशयात मात्र ती टिकून राहिली, आणि महत्त्वाचे म्हणजे तिथे सापडलेले संप्रेरक जसेच्या तसे, कोणतेही रूपांतर न झालेले होते. याचा अर्थ असा की तिथे त्याला धरून ठेवणारे काहीतरी होते.

जेन्सन यांनी हे निष्कर्ष १९५८ साली व्हिएन्ना येथील जीवरसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडले, तेव्हा समोर अवघे पाच श्रोते होते आणि त्यांतले तिघे त्याच सत्रातले वक्ते होते, अशी आठवण ते स्वतः सांगत असत. माझ्या विद्यार्थ्यांना मी ही गोष्ट दरवर्षी सांगत आले, कारण संशोधनात रिकाम्या खुर्च्यांसमोर बोलण्याची वेळ प्रत्येकावर येते आणि त्या वेळी आपल्याजवळची मोजमापे पक्की असणे एवढेच आपल्या हाती असते.

या प्रारंभीच्या काळात भारतीय नावही आहे, आणि ते आपल्याकडे फारसे ठाऊक नाही याची मला खंत वाटते. पुढे दिल्लीतील राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेची स्थापना करणारे प्रा. जी. पी. तलवार यांनी शेल्डन सीगल यांच्यासोबत १९६४ साली एक निबंध प्रसिद्ध केला होता. गर्भाशयातील पेशीद्रव्याला इस्ट्रोजेन चिकटणे आणि तिथे आरएनए, म्हणजे जनुक वाचताना बनणारी त्याची प्रत, तयार होऊ लागणे, या दोन गोष्टींची सांगड त्यात घातलेली आहे.

ग्राही पकडला गेला, तरी तो काय करतो हे कळायला आणखी दोन दशके लागली. सूचक पुरावा त्याआधीच एका किड्यातून आला होता. १९५४ साली ब्यूटेनांट आणि कार्लसन या जर्मन शास्त्रज्ञांनी रेशीमकिड्यांच्या ५०० किलो कोषांतून कात टाकायला लावणारे एक्डायसोन हे संप्रेरक वेगळे केले आणि हाती आले ते फक्त २५ मिलिग्रॅम. आपल्या राज्यात रेशमाचे कोष पोत्यांनी विकले जाताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे प्रमाण डोळ्यांसमोर आणता येईल. पुढे १९६० साली क्लेव्हर आणि कार्लसन यांनी हे एक्डायसोन एका माशीच्या अळीला टोचले, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या गुणसूत्रांवर ठरावीक जागी फुगवटे आलेले दिसले. संप्रेरकाचा निरोप थेट जनुकांपर्यंत पोहोचतो, हे प्रथमच कोणाच्या तरी डोळ्यांनी पाहिले ते असे.

१९८५ साली कॅलिफोर्नियातील सॉल्क संस्थेत रोनाल्ड इव्हान्स यांच्या गटाने ग्लुकोकॉर्टिकॉइड या स्टेरॉईड संप्रेरकाच्या ग्राहीचे जनुक वेगळे केले. पुढच्या वर्षी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथील पिएर शांबों यांच्या गटाने इस्ट्रोजेन-ग्राहीचे जनुक मिळवले. त्याच वर्षी असेही लक्षात आले की कोंबड्यांमध्ये रक्ताचा कर्करोग घडवणाऱ्या एका विषाणूतील जनुकाचे जे मूळ भावंड पेशीत असते, त्यापासून थायरॉईड संप्रेरकाचा ग्राही बनतो. १९८७ साली अ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या रेटिनॉइक आम्लाचा ग्राही इव्हान्स आणि शांबों यांना स्वतंत्रपणे सापडला. रासायनिकदृष्ट्या इस्ट्रोजेन, थायरॉईड संप्रेरक आणि अ जीवनसत्त्व यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण ते ओळखणारी प्रथिने मात्र एकाच घराण्यातली निघाली. माणसाच्या जनुकसंचयात या घराण्यातले ४८ सदस्य आहेत. त्यांतल्या कित्येकांचे जनुक आधी सापडले आणि ते कोणता निरोप ऐकतात हे नंतर शोधावे लागले. अशा सदस्यांना ‘अनाथ ग्राही’ असे नाव पडले आहे. जेन्सन, इव्हान्स आणि शांबों या तिघांना २००४ साली वैद्यकीय संशोधनासाठीचा लास्कर पुरस्कार मिळाला.

बसस्थानकाची उपमा इथे अपुरी पडते, म्हणून एक गोष्ट जोडते. केंद्रकीय ग्राही निरोप ऐकतो आणि त्याची अंमलबजावणीही स्वतःच करतो. त्याच्या मधल्या भागात जस्ताच्या अणूंभोवती वळलेली दोन बोटांसारखी टोके असतात, आणि ती डीएनएवरचा ठरावीक अक्षरक्रम चाचपून पकडतात. दुसऱ्या टोकाला संप्रेरकासाठी एक खोबण असते. संप्रेरक खोबणीत बसले की ग्राहीचा आकार बदलतो, त्याच्या पाठीवर मदतनीस प्रथिनांना बसायला जागा तयार होते आणि शेजारचे जनुक वाचले जाऊ लागते. घराण्यातल्या सगळ्यांची वागण्याची रीत सारखी नाही. ग्लुकोकॉर्टिकॉइडचा ग्राही निरोप येईपर्यंत केंद्रकाबाहेर थांबतो, तर थायरॉईडचा ग्राही आधीपासूनच डीएनएवर बसलेला असतो आणि संप्रेरक येईपर्यंत जनुक दाबून धरतो.

आणि आता मला सर्वाधिक जिव्हाळ्याचा भाग. ग्राही एकच असूनही दोन अवयव एकाच औषधाला उलट उत्तरे देऊ शकतात. स्तनाच्या कर्करोगावर दिले जाणारे टॅमॉक्सिफेन इस्ट्रोजेनच्याच खोबणीत बसते. स्तनाच्या पेशीत ते इस्ट्रोजेनला अडवते, पण गर्भाशयाच्या अस्तरात आणि हाडांत ते बऱ्याच अंशी इस्ट्रोजेनसारखेच वागते. ग्राहीला वेगवेगळ्या पेशींत वेगवेगळे मदतनीस भेटतात, हे त्याचे एक मोठे कारण. गाठीच्या तपासणी अहवालात ‘ईआर पॉझिटिव्ह’ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ त्या पेशींत इस्ट्रोजेनचे ग्राही आहेत आणि अशा औषधाचा उपयोग होण्याची शक्यता आहे, असा होतो. जेन्सन यांच्या उंदरांपासून निघालेली वाट आज आपल्या जिल्ह्यातल्या रुग्णाच्या फाइलीपर्यंत आलेली आहे.

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मॅडम, प्रयोगशाळेत दिवसभर नेमके काय करायचे असते? आणि आपला एखादा प्रयोग पूर्ण फसला होता का?
(विद्यार्थिनी, खानापूर)

तुम्ही खानापूरच्या आहात, म्हणून तुम्हाला परिचित असलेल्या गोष्टीपासून सुरुवात करते. मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या वळवानंतर, आपल्याकडच्या रानात काजवे लखलखतात. काजव्याच्या पोटात ल्युसिफरेज नावाचे एन्झाइम असते आणि त्याच्या क्रियेतून तो उजेड निघतो. १९८५ साली या एन्झाइमचे जनुक वेगळे केले गेले, आणि त्यानंतर आमच्या विषयात ते रोजचे साधन झाले. ग्राही डीएनएवरचा जो अक्षरक्रम पकडतो, तो अक्षरक्रम काजव्याच्या जनुकापुढे जोडायचा, हे जोडकाम एका प्लाझ्मिडमध्ये, म्हणजे डीएनएच्या छोट्या वर्तुळात, बसवायचे आणि ते प्लाझ्मिड पेशींत घालायचे. मग पेशींना संप्रेरक द्यायचे. ग्राहीने काम केले तर पेशी काजव्याचे एन्झाइम बनवतात, आणि पेशी फोडून त्यात योग्य ते रसायन घातले की उजेड मोजता येतो. जितका उजेड जास्त, तितके ग्राहीचे काम जास्त. मी पीएच.डी.च्या काळात हा प्रयोग प्रथम केला, तेव्हा यंत्रावरचे आकडे पाहताना मला आमच्या गावाच्या मागची करवंदीची जाळी आठवली होती.

दिवसाचा बराचसा वेळ मात्र पेशी सांभाळण्यात जातो. मी मुख्यतः एमसीएफ-७ या पेशींवर काम केले. मिशिगन कॅन्सर फाउंडेशनमध्ये स्तनाचा कर्करोग झालेल्या एका रुग्ण स्त्रीच्या छातीत साचलेल्या द्रवातून त्या मिळाल्या आणि १९७३ पासून जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. त्यांना ३७ अंश सेल्सिअस तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, ठरावीक पोषकद्रव आणि पूर्ण निर्जंतुकता लागते. गणपतीत सुटी घेऊन गावी यायचे झाले, तरी त्यांना खाऊ घालण्याची व्यवस्था आधी लावून यावे लागे. गोठ्यातल्या जनावरांची सोय लावल्याशिवाय आमच्या घरातले कोणी लग्नाला जात नसे, त्यामुळे ही शिस्त मला नवी वाटली नाही.

आता फसलेल्या प्रयोगाविषयी. आठ महिने माझा एक प्रयोग उलगडत नव्हता. ज्या पेशींना मी इस्ट्रोजेन दिले होते त्या उजळत होत्या हे अपेक्षितच होते, पण ज्यांना काहीच दिले नव्हते त्याही जवळजवळ तितक्याच उजळत होत्या. तुलनेसाठी ठेवलेली जोडीच अशी वागली तर त्या प्रयोगातून काहीही सिद्ध होत नाही. मी प्लाझ्मिड पुन्हा बनवले, त्याचा अक्षरक्रम तपासला, पेशींचा नवा साठा मागवला, पिपेटची अचूकता तपासून घेतली. उजेड कमी होईना. माझ्या मार्गदर्शकांनी रागावून बोलण्याऐवजी एवढेच विचारले की पेशींना तू जे जे देतेस, त्याची यादी कागदावर केली आहेस का? मी यादी केली. पोषकद्रव, त्यातले क्षार, अमिनो आम्ले, वासराच्या गर्भापासून मिळणारे सीरम, आणि आम्लता कळावी म्हणून घातलेला फिनॉल रेड हा तांबडा रंग.

दोन्ही गुन्हेगार त्या यादीतच होते. सीरममध्ये गायीची स्वतःची संप्रेरके असतात, आणि ती काढण्यासाठी सीरम सक्रिय कोळशाबरोबर घोळून घ्यावे लागते. माझी ही पायरी अपुरी होत होती. दुसरा गुन्हेगार मला अजिबात सुचला नव्हता. पोषकद्रवातला तो तांबडा रंगच एमसीएफ-७ पेशींत सौम्य इस्ट्रोजेनसारखे काम करतो, हे इलिनॉय विद्यापीठातील कॅट्झेनेलेनबोगेन दाम्पत्याच्या गटाने १९८६ सालीच दाखवून दिले होते. रंगाच्या मूळ रेणूपेक्षा त्यात मिसळलेली अशुद्धी याला कारण आहे, असे नंतरच्या कामातून दिसले. तो निबंध आमच्या ग्रंथालयात होता आणि मी तो वाचलेला नव्हता. बिनरंगाचे पोषकद्रव आणि नीट कोळशातून काढलेले सीरम वापरून मी प्रयोग पुन्हा केला, तेव्हा संप्रेरक न दिलेल्या पेशी जवळजवळ अंधाऱ्या राहिल्या.

त्या आठ महिन्यांतला एकही आकडा प्रबंधात आला नाही, तरी माझ्या पुढच्या सगळ्या कामाची रीत त्यांनी ठरवली. ‘काहीच दिले नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा खरोखर काय काय दिलेले असते, हे मी त्यानंतर प्रत्येक प्रयोगापूर्वी लिहून काढू लागले. तुम्ही आत्ताच प्रात्यक्षिकाच्या वहीत ही सवय लावून घ्या. वहीत उत्तर आधी लिहून मग प्रयोग करण्याची जी पद्धत आपल्या अनेक महाविद्यालयांत पडली आहे, तिच्यापासून कृपया दूर राहा.

प्रश्न : माझी आई विड्या वळण्याचे काम करते. गुडघेदुखीसाठी ती वर्षभर कोणाकडून तरी पुड्या आणून घेत होती आणि आराम पडत होता. आता चेहरा सुजलेला दिसतो आणि साखरही वाढली आहे. डॉक्टर म्हणतात की त्यांत स्टेरॉईड असावे, पण एकदम बंद करू नका असेही सांगतात. अपायकारक वस्तू लगेच बंद का करू नये?
(वाचक, निपाणी)

तुमच्या डॉक्टरांनी सांगितले आहे ते पूर्णपणे योग्य आहे आणि त्यांच्याच सल्ल्याने पुढे जावे. मी डॉक्टर नाही, म्हणून उपचार सांगणार नाही, पण यामागचे कारण माझ्या विषयातले आहे आणि ते समजल्यास आईंना समजावणे तुम्हाला सोपे जाईल.

आपल्या मूत्रपिंडांवर अधिवृक्क नावाच्या दोन लहान ग्रंथी असतात आणि त्या रोज कॉर्टिसॉल हे ग्लुकोकॉर्टिकॉइड प्रकारचे संप्रेरक बनवतात. मेंदूखालची पियुषिका ग्रंथी त्यांना काम करण्याचा हुकूम देते. रक्तात कॉर्टिसॉल पुरेसे आहे की नाही हे पियुषिका आपल्या पेशींतल्या ग्लुकोकॉर्टिकॉइड-ग्राहींमार्फत ओळखते आणि पुरेसे असेल तर हुकूम थांबवते. डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉईड औषध याच ग्राहीत बसते आणि कॉर्टिसॉलच्या सुमारे २५ पट प्रभावी असते. ते महिनोन्‌महिने बाहेरून मिळत राहिले की पियुषिकेचा हुकूम बंद पडतो आणि अधिवृक्क ग्रंथी काम नसल्यामुळे आक्रसतात. अशा स्थितीत पुडी अचानक थांबवली तर शरीरात बाहेरचे स्टेरॉईडही नसते आणि स्वतःचे कॉर्टिसॉलही नसते. मग कमालीचा अशक्तपणा, उलट्या, रक्तदाब खाली जाणे असे होते, आणि ताप किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी ते जिवावर बेतू शकते. म्हणून डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात आणि ग्रंथींना पुन्हा जागे होण्यास वेळ देतात.

साखर वाढण्याचे कारणही तोच ग्राही आहे. यकृताच्या पेशींत तो नवी साखर बनवणारी जनुके चालू करतो, आणि हाडांत नवे हाड घडवणाऱ्या पेशींचे काम मंद करतो. आराम पडत होता हेही खोटे नव्हते, कारण सूज घडवणारी जनुके तो दाबून टाकतो. संधिवातावर कॉर्टिसोन प्रथम १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये वापरले गेले आणि अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली. १९५० सालचे नोबेल पारितोषिक त्याच कामाला मिळाले. कोविडच्या साथीत, जून २०२० मध्ये, ऑक्सफर्डच्या चाचणीतून असे दिसले की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दिल्यास मृत्यूंचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटते. औषध वाईट नाही. काय आहे, किती आहे आणि किती दिवस घ्यायचे आहे हे न सांगता कागदाच्या पुडीत बांधून दिले जाते, हा अपराध आहे आणि मला त्याचा संताप येतो. चेहरा उजळ करण्यासाठी मैत्रिणीच्या सांगण्यावरून स्टेरॉईडचे मलम वापरणाऱ्या मुलींनाही मी हेच सांगेन.

आईंची राहिलेली पुडी फेकू नका. ती डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : थायरॉईडची गोळी सुरू करून दहा दिवस झाले, काहीच फरक वाटत नाही. तपासणी सहा आठवड्यांनी करायची आहे. तोवर मात्रा वाढवून पाहावी का?
(गृहिणी, शहापूर, बेळगाव)

नाही. गोळीतले थायरॉक्सिन रक्तातून निम्मे होण्यास सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे त्याची पातळी स्थिरावण्यासच पाच-सहा आठवडे जातात. शिवाय ते पेशीत गेल्यावर त्याच्या चार आयोडीन अणूंपैकी एक काढला जातो, मग ते ग्राहीत नीट बसते, मग जनुके वाचली जातात आणि मग प्रथिने बनतात. डोकेदुखीच्या गोळीसारखा तासाभरात येणारा हा परिणाम नव्हे. गोळी सकाळी उपाशीपोटी, न्याहारीच्या निदान अर्धा तास आधी घ्यावी आणि ती व लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या यांच्यामध्ये चार तासांचे अंतर ठेवावे, कारण लोह आणि कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यातच अडकवतात.

प्रश्न : मुलगी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, आहे. एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, ती मराठी शाळेत शिकली. डॉक्टर होण्याऐवजी संशोधन करायचे म्हणते. या मार्गात पुढे काय करावे लागते, पोट भरते का, आणि मराठी शाळेतल्या मुलीचा तिथे निभाव लागतो का?
(पालक, येळ्ळूर)

मार्ग थोडक्यात सांगते. बारावीनंतर पुण्यासह देशातल्या आयसर, म्हणजे विज्ञान शिक्षण व संशोधनाच्या केंद्रीय संस्थांची स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते. ती साधली नाही तरी काही बिघडत नाही. बेळगावात, धारवाडला किंवा कोल्हापूरला चांगली बी.एस्सी. करून मग ‘जॅम’ या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या देशपातळीवरील परीक्षेतून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या एकात्मिक पीएच.डी.ला किंवा एखाद्या आयआयटीच्या एम.एस्सी.ला जाता येते. बी.एस्सी. करतानाच तीन विज्ञान अकादम्यांच्या संयुक्त उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीसाठी अर्ज जरूर करावा. दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत राहिल्यावर ही वाट आपली आहे की नाही हे मुलीला स्वतःलाच कळते, आणि माझ्या मते ते कळणे कोणत्याही प्रवेश परीक्षेपेक्षा महत्त्वाचे आहे. एम.एस्सी.नंतर सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात, घरभाडे वेगळे. म्हणजे पीएच.डी.साठी घरच्यांनी पैसे घालावे लागत नाहीत.

पण पूर्ण चित्र सांगायला हवे. पीएच.डी.ला पाच ते सहा वर्षे लागतात, त्यानंतर दोन-चार वर्षे बहुधा परगावी किंवा परदेशी काम करावे लागते, आणि कायमच्या जागा कमी आहेत. तिशी उलटेपर्यंत पगाराची निश्चिती नसते. या वर्षांत मुलीच्या लग्नाचा विषय घरात रोज निघाला तर तिचे काम होणार नाही. माझ्या आईवडिलांनी तो विषय काढला नाही, आणि त्या काळी आमच्या गावात ही लहान गोष्ट नव्हती. संशोधनात कायमची जागा न मिळालेले माझे विद्यार्थी औषध कंपन्यांत, रोगनिदान प्रयोगशाळांत आणि महाविद्यालयांत चांगले काम करीत आहेत.

मराठी शाळेविषयी मी अनुभवाने बोलू शकते, कारण मीही एसएसएलसीपर्यंत मराठीतच शिकले. पीयूसीचे पहिले सहा महिने वर्गातले निम्मे शब्द डोक्यावरून गेले. मी वहीच्या डाव्या पानावर इंग्रजी संज्ञा आणि उजव्या पानावर तिचा मराठीतला अर्थ लिहीत असे, आणि पहिले वर्ष संपेपर्यंत उजवे पान रिकामे राहू लागले. कानडी बोलता येत असल्याने धारवाडला आणि बंगळूरला मला कधी परके वाटले नाही. आपल्या भागातल्या मुलांना तीन भाषांमधून ये-जा करण्याची सवय असते आणि तिचा इथे लाभच होतो.

भाषेचा एक उपयोग मात्र मला फार उशिरा कळला. टॅमॉक्सिफेनवरच्या कामाचा मसुदा लिहिताना मी इंग्रजीत असे लिहिले होते की हे औषध ग्राहीचे काम ‘मॉड्युलेट’ करते. वाक्य भारदस्त दिसत होते. सुटीत गावी आल्यावर वडिलांनी विचारले की तुझ्या औषधाने नेमके होते काय, आणि त्यांना मराठीत सांगू लागले तेव्हा अडले. वाढवते म्हणावे की घटवते म्हणावे? मराठीत दोन्हींपैकी एक सांगितल्याशिवाय वाक्य पुरे होईना. स्तनाच्या पेशीत घटवते हे माझ्या आकड्यांत होते, पण गर्भाशयाच्या पेशींत काय होते ते मी स्वतः मोजलेलेच नव्हते. मुंबईला परतल्यावर मी त्या पेशी मागवल्या, आणि पुढची दीड वर्षे ते दुसरे वाक्य लिहिता यावे यासाठी काम केले.